उतारावरचे रान राखताना: गुरांना पाला, घराला लाकूड

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून इथे कोरड्या रानाची काळजी करायची गरज नाही असे बाहेरच्याला वाटते. सत्तरी, डिचोली, पेडणे किंवा सांग्याच्या उतारावर जमीन असलेल्याला मात्र खरी परिस्थिती ठाऊक असते. जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. चिऱ्याच्या दगडावर मातीचा थर वीतभर, कुठे तर तेवढाही नाही. पाणी दगडाच्या भोकांतून खाली जाते आणि जानेवारी उजाडला की किंदळ, नाणा, माट्टी सगळे पान गाळायला लागतात. तिथून पुढचे पाच महिने हे रान कुठल्याही कोरड्या रानासारखेच वागते. गवत वाळून काडी होते, गुरांच्या फासळ्या दिसू लागतात, वणव्याची भीती वाढते, आणि नेमके तेव्हाच काजूची दारू गाळणाऱ्या भाट्यांना लाकूड हवे असते.

अशा रानातून गुरांना चारा आणि घराला लाकूड, दोन्ही वर्षानुवर्षे मिळावे, यासाठी काय करायचे ते पायरीपायरीने सांगतो. या सगळ्यामागचे सूत्र एकच. सगळ्या रानातून रोज थोडे थोडे ओरबाडायचे नाही. एका तुकड्यातून ठरलेल्या वेळी, ठरवून घ्यायचे आणि मग त्या तुकड्याला पुरता विसावा द्यायचा. आज आपली बहुतेक खासगी राने झुडपी झाली आहेत. त्याचे कारण तोड झाली एवढेच नाही. तोडीनंतर आलेला कोवळा फुटवा गुरांनी दरवर्षी खाल्ला आणि उरलेला वणव्यात गेला, हे मोठे कारण आहे.

आधी कागद, मग कोयता

हे काम कंटाळवाणे असले तरी टाळता येत नाही. जमिनीचा फॉर्म एक व चौदा, म्हणजे गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा उतारा, काढा. नाव कोणाचे, कुळाची नोंद आहे का, जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावच्या जुन्या सामुदायिक संस्थेची, आहे का, हे पाहा. सत्तरीत आल्वारा आणि मोकासो, म्हणजे जुन्या राजवटींत सनदेने दिलेल्या, जमिनींचे प्रश्न अजून लोंबकळत आहेत. अशा जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राबता असला, तरी झाडे तोडायचा हक्क त्यातून आपोआप मिळत नाही.

जमीन खासगी वन म्हणून ओळखली गेली आहे का, हेही वनखात्यात विचारून घ्या. गोव्यात खासगी वन ठरवताना किमान पाच हेक्टरचा सलग पट्टा, ७५ टक्के वनवृक्ष आणि ०.४ छत्रघनता (म्हणजे झाडांच्या माथ्यांनी चाळीस टक्के जमीन झाकलेली) हे निकष वापरले गेले. तुमची जमीन पाच हेक्टरपेक्षा लहान असली, तरी ती अशा सलग पट्ट्याचा भाग असू शकते. खासगी वन असेल तर वन संवर्धनाचा १९८० चा केंद्रीय कायदा लागू होतो आणि इथे सांगितलेली तोडणी स्वतःच्या मर्जीने करता येत नाही. अभयारण्यातल्या जमिनीचे नियम तर आणखी कडक आहेत. तिथे वनाधिकाऱ्याशी बोलल्याशिवाय काहीच सुरू करू नका.

साध्या खासगी जमिनीवरही १९८४ चा गोव्याचा वृक्ष संरक्षण कायदा लागू असतो. झाड तोडण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी हवी. मोठ्या फांद्या छाटायच्या असतील तर त्याबद्दलही त्याच अर्जात विचारा. लाकूड वाहनातून हलवायचे असेल तर वाहतुकीच्या परवान्याचीही चौकशी करा. अर्ज चवथ (गणेशचतुर्थी) झाली की लगेच द्यावा. पाहणी आणि कागदपत्रे होईपर्यंत जानेवारी येतो, आणि तोडीचा खरा हंगाम तिथूनच सुरू होतो. बांबूचे मात्र सोपे आहे. २०१७ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्याने झाड धरला जात नाही.

रान पायी फिरून पाहा

नोव्हेंबरात पाऊस पुरता थांबला की रानातून फिरा. सोबत एक वही आणि रंगाचा डबा घ्या. गुरे राखणारा कोणी म्हातारा माणूस गावात असेल तर त्याला बरोबर न्या. कोणत्या झाडाचा पाला गुरे आधी तोंडात घेतात, हे त्याच्याइतके कोणी सांगू शकत नाही.

वहीत चार गोष्टी लिहा. लाकडासाठी कोणती झाडे आहेत. पाल्यासाठी कोणती. हात लावायचा नाही अशी कोणती. आणि पाणी कुठे झिरपते.

लाकडाच्या यादीत आपल्याकडे किंदळ, नाणा, जांबा आणि माट्टी येतात. माट्टी म्हणजे घाटावरचा ऐन, गोव्याचा राज्यवृक्ष. ही सगळी झाडे बुंध्यातून जोमाने फुटतात, आणि आपली सगळी पद्धत त्यांच्या या गुणावर उभी आहे. सागही तसाच फुटतो.

पाल्याच्या यादीत धामण, असण, शिवण, पांगारा, कांचन, आपटा, शिरस, वड, उंबर आणि फणस. यांतला धामणीचा पाला गुरांना फार आवडतो. तुमच्या रानात धामण असेल तर तिला लाकडाच्या यादीत घालू नका. फणसाचा पाला शेळ्यांसाठी उत्तम.

हात लावायचा नाही अशा झाडांवर रंगाचा पट्टा ओढा. ढोली असलेली जुनी झाडे धनेश, घुबड, पोपट यांच्या घरट्यांची असतात. भिरंड (कोकम), चारोळी, जांभूळ, रायवळ आंबा ही फळझाडे ठेवा. देवाच्या राईला लागून जमीन असेल तर त्या बाजूची रांगही तशीच ठेवा. राईतले बी उडून, पाखरांच्या पोटातून तुमच्याच जमिनीत पडते. झर असेल तर तिच्या वरच्या अंगाला वीस-तीस मीटरपर्यंत एकही झाड तोडू नका आणि गुरांनाही झरीत उतरू देऊ नका. पाइप लावून पाणी खाली डोणीत आणा. उन्हाळ्यात एक गाय दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी पिते. तेवढ्यासाठी चार गुरे रोज झरीत उतरली की दोन वर्षांत तिचा चिखल होतो.

गरजेचा हिशेब

रान किती देईल हे कळण्याआधी आपल्याला किती लागते हे कळायला हवे. आपली गावठी गाय, जिला २०२० साली श्वेतकपिला म्हणून जातीची राष्ट्रीय नोंद मिळाली, ती अंगाने लहान असते. तिचे वजन अडीचशे किलो धरा. वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे दिवसाला सव्वासहा किलो सुका चारा तिला लागतो. इथे सुका म्हणजे पाण्याचा अंश वजा करून.

मार्च ते जून या चार महिन्यांत आपण तिला मुख्यतः भाताचे गवत घालतो. त्यात प्रथिने फक्त चारेक टक्के. चाऱ्यात एकूण सात टक्क्यांच्या आसपास प्रथिने नसतील तर पोटातले सूक्ष्मजीव ते गवत नीट पचवू शकत नाहीत. म्हणूनच पोट भरूनही गाय वाळत जाते. आता असे करा: सुके गवत पाच किलो, त्यातून प्रथिने मिळाली दोनशे ग्रॅम. त्यात ग्लिरिसिडियाचा, म्हणजे गिरिपुष्पाचा, ओला पाला पाच किलो घाला. त्यातला सुका भाग सव्वा किलो, आणि त्यात प्रथिने वीस टक्क्यांच्या वर, म्हणजे किमान अडीचशे ग्रॅम. एकूण साडेचारशे ग्रॅम प्रथिने, सव्वासहा किलोत. सात टक्क्यांची पातळी गाठली. भाकड किंवा थोडे दूध देणाऱ्या गाईला एवढे पुरते. दुभतीला वर पेंड हवीच.

एका गाईसाठी १२० दिवस रोज पाच किलो, म्हणजे सहाशे किलो ओला पाला झाला. तुमच्या एका झाडाची एका छाटणीला दोन किलो पाने मिळत असतील आणि या काळात दोन छाटण्या होत असतील, तर दीडशे झाडे लागतील. मीटरभर अंतराने कुंपणात लावली तर दीडशे मीटर कुंपण. चौकोनी हेक्टरभर जमिनीचा घेर चारशे मीटर असतो. म्हणजे नुसत्या कुंपणावर दोन गाई आरामात निभावतात आणि आतल्या रानावरचा भार हलका होतो. दोन किलो हा आकडा उदाहरणापुरता आहे. चिऱ्याच्या माथ्यावरचे झाड आणि भातशेताच्या काठचे झाड सारखे देत नाहीत. साधा लोंबता काटा घेऊन पाच-सहा झाडांचा पाला तोलून पाहा आणि हिशेब तुमच्या आकड्याने करा.

लाकडाची गरजही अशीच मोजा. गॅस घरोघरी आला तरी न्हाणीतले पाणी तापवायचे भाण, भात उकडणे, चवथीचा आणि लग्नाकार्याचा मोठा स्वयंपाक आणि काजूची भाटी अजून लाकडावरच आहेत. एका आठवड्याचे लाकूड तोलून घ्या आणि वर्षाचा अंदाज काढा. भाटी असेल तर मार्च ते मे महिन्यांचा हिशेब वेगळा मांडा, कारण त्या तीन महिन्यांत घराच्या वर्षभराच्या लाकडापेक्षाही जास्त लागू शकते.

रानाचे तुकडे पाडा

आपल्याकडे जमीन चौरस मीटरात मोजतात. एक हेक्टर, म्हणजे दहा हजार चौरस मीटर रान असेल तर त्याचे आठ पट्टे करा, प्रत्येकी साडेबाराशे चौरस मीटरचा. पट्टे उताराला आडवे पाडा, वरून खाली उभे नको. उभा पट्टा मोकळा झाला की पहिल्याच आषाढात माती ओढ्यात जाते.

दरवर्षी एकाच पट्ट्यात तोड करायची. आठ वर्षांनी पहिल्या पट्ट्यात परत याल तेव्हा मनगटापासून मांडीपर्यंत जाडीची खोडे तयार असतील. जळणाला आणि मांडवाच्या खांबांना ती योग्य. ज्यांना जाड वासे हवेत त्यांनी दहा-बारा पट्टे करावेत.

तोडलेला पट्टा तीन पावसाळे गुरांना बंद. हा नियम पाळला नाही तर बाकीची मेहनत वाया गेली असे समजा. आठांतले तीन पट्टे कायम बंद आणि पाच चरायला खुले, असे चक्र आपोआप बसते. फुटवा गुराच्या तोंडाच्या वर, म्हणजे पावणेदोन-दोन मीटर गेला की पट्टा उघडा. शेळ्या असतील तर आणखी वर्षभर थांबा. शेळी मागच्या पायांवर उभी राहून शेंडा ओढते. कुंपणाला महागडी तार लागत नाही. तोडीतून निघालेल्या काटेरी फांद्यांची वई आणि कडेने ग्लिरिसिडियाचे दांडे एवढे बहुतेक ठिकाणी पुरते. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे शेजाऱ्यांशी आणि गावच्या राखण्याशी आधी बोलून घ्या. मोकळी गुरे सोडण्याची पद्धत असलेल्या गावात कुंपणापेक्षा हे बोलणे जास्त राखण करते.

तोड कशी करावी

वेळ जानेवारीचा शेवट ते मार्च. झाडाने पान गाळलेले असते आणि त्याचे बळ मुळांत साठलेले असते. तेव्हा कापले की पहिल्या वळिवाबरोबर फुटवा येतो आणि त्याला पुरा पावसाळा मिळतो. नवी पालवी फुटल्यावर, म्हणजे एप्रिलात कापलेले झाड साठवलेले बळ आधीच खर्च करून बसलेले असते. पावसाळ्यात कापलेला खुंट कुजतो.

परवानगीत जी झाडे आली आहेत तीच घ्या. प्रत्येक पट्ट्यात सहा ते आठ मोठी, सरळ झाडे सावलीसाठी आणि बियांसाठी उभी ठेवा. ही सगळी एका जातीची नकोत.

खोड जमिनीपासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर कापा. वर कापले तर फुटवा खुंटाच्या माथ्यावर येतो आणि वाऱ्याने मोडतो. खाली कापले की फुटवा जमिनीलगत येतो आणि पुढे स्वतःची मुळे धरतो. काप तिरका हवा, म्हणजे पाणी साचत नाही. कुऱ्हाडीने चार-चार घाव घालून चिंध्या केलेला खुंट मरतो. करवतीने कापा आणि कडा धारदार कोयत्याने साफ करा. साल खुंटापासून सुटता कामा नये, कारण नवा कोंब सालीखालूनच येतो. खोड पडताना साल ओढली जाऊ नये म्हणून पडायच्या बाजूला आधी एक खाच घ्या.

जुन्या, फार जाड झाडांकडून फुटव्याची अपेक्षा ठेवू नका. ती परत फुटत नाहीत किंवा दुबळी फुटतात. अशी झाडे उभीच राहिलेली बरी.

पहिल्या पावसाळ्यात एकेका खुंटावर दहा-पंधरा कोंब येतात. ते बघून हात शिवशिवतात, पण त्या वर्षी काही करू नका. दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात त्यांतले दोन ते चार ठेवा, जमिनीलगत आलेले आणि एकमेकांपासून दूर असलेले. बाकीचे काढा. काढलेल्या कोंबांचा पाला शेळ्यांना आणि काठ्या भाजीच्या मांडवाला जातात. हे विरळणीचे काम लोक सोडून देतात. न विरळलेल्या खुंटावर आठ वर्षांनीही बोटभर जाडीच्या काटक्याच मिळतात.

तोडीनंतर डहाळ्या रानात ढीग करून ठेवू नका. मार्चातला असा ढीग वणव्याला आमंत्रण असतो. पाला आधीच गळलेला असतो, तेव्हा बारीक काटक्या भाणासाठी घरी न्या. त्याहून बारीक कचरा उताराला आडवा रचून पसरा, म्हणजे पावसात माती अडेल.

लाकूड फोडूनच वाळवा. न फोडलेल्या ओंडक्यात सालीमुळे ओल अडकून राहते. जमिनीवर दोन आडवी खोडे टाकून त्यांवर हवेशीर रचा, मे अखेरपर्यंत ऊन खाऊ द्या आणि पावसाआधी पडवीत किंवा खोपीत आणा. टोकांना भेगा पडल्या आणि दोन फाटे आपटल्यावर खणखणीत आवाज आला की वाळले. ओल्या लाकडाचा धूर बाईमाणसांच्या डोळ्यांत जातो आणि लाकूडही जवळजवळ दुप्पट लागते. भाटीवाल्यांनी या वर्षी तोडलेले लाकूड पुढच्या वर्षीच्या काजूसाठी ठेवण्याची सवय लावली तर बराच ताण कमी होईल.

अकेशियाचे काय करावे

खाणींच्या डंपांवर आणि कित्येक उजाड माळांवर गोव्यात ऑस्ट्रेलियातून आलेला अकेशिया लावला गेला. त्याचा पाला गुरे खात नाहीत आणि खाली गवतही धड वाढत नाही. पण त्याचे जळण चांगले असते. तुमच्या जमिनीत तो असेल तर परवानगी घेऊन पहिली काही वर्षे लाकूड त्यातूनच काढा आणि किंदळ-नाण्यांना तेवढी उसंत द्या. मोठा अकेशिया बुंध्यातून सहसा जोमाने फुटत नाही, त्यामुळे ती जागा हळूहळू मोकळी होते. तिथे धामण, शिवण, असण लावता येते. उघड्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, मात्र नवी झाडे लावायच्या भानगडीत पडू नये. सडा उजाड दिसतो म्हणून तो पडीक नसतो. पावसाळ्यात तिथे जी बारीक फुले आणि गवते येतात, त्यांतली कित्येक दुसरीकडे उगवत नाहीत. गुरांचे पावसाळी कुरणही तेच.

पाला काढण्याचे वेळापत्रक

पाल्याच्या बाबतीत झाडाच्या सवयी ओळखणे हेच अर्धे काम. पानगळीच्या झाडांचा, म्हणजे धामण, असण, शिवण, कांचन, आपटा यांचा पाला नोव्हेंबर-डिसेंबरात काढा. तेव्हा रानात थोडे हिरवे गवत असते, म्हणून लोकांना घाई वाटत नाही. नंतर फेब्रुवारीत तेच पान गळून पातेरा होते. डिसेंबरात काढलेला पाला मुठीएवढ्या जुड्या बांधून सावलीत टांगून वाळवा. उन्हात वाळवला तर पान चुरा होऊन गळते. वाळलेल्या जुड्या माळ्यावर ठेवा. पावसाळ्याचा पुरुमेंत, म्हणजे बेगमी, माणसांसाठी भरतो तसा गुरांसाठीही भरावा. जुलैच्या सततधार पावसात, जेव्हा गुरे बाहेर निघत नाहीत आणि ओला चारा कापायची सोय नसते, तेव्हा या जुड्या कामी येतात.

मार्च-एप्रिलात या झाडांना नवी पालवी येते. ती तोडू नका, कितीही टंचाई असली तरी. त्या महिन्यांसाठी सदापर्णी झाडे आहेत: वड, फणस, आणि पाण्याजवळचा उंबर.

एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त फांद्या काढायच्या नाहीत. शेंडा आणि वरचा भाग तसाच ठेवा. आज छाटलेल्या झाडाला पुढची दोन वर्षे हात लावू नका. त्यासाठी खोडावर दरवर्षी वेगळ्या रंगाचा ठिपका लावला की गोंधळ होत नाही. जाड फांदी कापताना आधी खालून खाच, मग वरून काप. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते आणि त्या जखमेतून बुरशी शिरते. झाडावर पावसात किंवा दवात चढू नका. लांब काठीला बांधलेल्या कोयतीने जमिनीवरूनच जेवढे मिळेल तेवढे पुरे.

ग्लिरिसिडियाचे वेळापत्रक वेगळे. तो एरवी जानेवारी-फेब्रुवारीत पान गाळून गुलाबी फुलांनी भरतो, म्हणजे नेमक्या गरजेला उपयोगाचा नाही. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकदा छाटला तर त्याला फुलायला सवड मिळत नाही आणि कोवळा पाला उन्हाळ्यापर्यंत टिकतो. मीटरभर उंचीवर छाटा. जिथे मोकळी गुरे येतात तिथे डोक्याच्या वर छाटा, म्हणजे नवे कोंब त्यांच्या तोंडाला लागणार नाहीत.

लावायलाही तो सोपा. अंगठ्यापेक्षा जाड, मीटर-दीड मीटर लांब दांडे मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला वीतभर खोल रोवा. पहिले वर्ष काहीच काढू नका. गाई-म्हशींना त्याचा वास सुरुवातीला आवडत नाही. पाला कापून अर्धा दिवस कोमेजू द्या, किलोभर गवतात मिसळून सुरू करा आणि आठ-दहा दिवसांत वाढवत न्या. सुक्या भागाच्या हिशेबाने एकूण खुराकाच्या तीस टक्क्यांवर जाऊ नका. सुबाभळीलाही हीच मर्यादा. तिच्यात मिमोसीन असते, जास्त खाल्ल्यास केस गळतात आणि गळ्याची गाठ वाढते. सुबाभूळ बी फार टाकते, म्हणून रानाच्या कडेला मी ती लावा असे सांगणार नाही.

बांबूत आपल्या भागाला माणगा सर्वांत सोयीचा. तो भरीव असतो, त्याला काटे नसतात आणि पाला गुरे खातात. तीन वर्षांवरच्या काठ्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. या वर्षीचे आणि गेल्या वर्षीचे कोंब ठेवा.

काय घालू नये तेही सांगतो. रानमोडी, घाणेरी, कण्हेर आणि काजरा गुरांपासून दूर ठेवा. घाणेरी खाल्लेल्या जनावराचे यकृत बिघडते आणि उन्हात कातडी सोलवटते. अशी लक्षणे दिसली तर जनावर सावलीत बांधा आणि लगेच पशुवैद्याला बोलवा. रानमोडी उपटायची वेळ म्हणजे जून-जुलै. माती मऊ असते, मुळासकट येते. हिवाळ्यात ती फुलली की बी वाऱ्यावर उडते, तेव्हा कापून काही हाती लागत नाही.

गवत

पहिला पाऊस पडला की सगळे गुरे सोडतात. शक्य असेल तर निदान दोन पट्टे पहिले पाच-सहा आठवडे राखा. कोवळे गवत मूळ धरण्याआधी उपटले गेले की त्या जागी रानमोडीच येते. कापणीचे गवत फुलोरा येता येता, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या उघडिपीत कापा. उशीर केला तर काड्या कडक होतात, आणि कुसळीच्या गवताची कुसळे गुरांच्या तोंडात व डोळ्यांत टोचतात. दोन-तीन दिवस उलटपालट करून वाळवा आणि जमिनीपासून उंच माच्यावर उडवी रचा.

भाताचे गवत युरियाने सुधारता येते. शंभर किलो गवताला चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात पुरता विरघळवून थराथरावर शिंपडा, दाबा आणि प्लास्टिकने हवाबंद करून एकवीस दिवस ठेवा. घालण्याआधी तासभर पसरून वास उडू द्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना ते देऊ नका. युरियाच्या पाण्याच्या बादलीला गुरांनी तोंड लावले तर जीव जातो, म्हणून हे काम गोठ्यापासून दूर करा.

वणवा

मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या अभयारण्यात आणि आसपासच्या रानांत दिवसचे दिवस वणवे पेटले, ते सगळ्या गोव्याने पाहिले. एका वणव्यात तीन वर्षांचा फुटवा एका दुपारी जातो. डिसेंबर-जानेवारीत हद्दीने आणि पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी तीन-चार मीटर रुंदीचा पट्टा झाडून साफ करा. पातेरा गोळा करून शेणखताच्या खड्ड्यात टाका. जाळून पट्टा करायची पद्धत जुनी आहे, पण दुपारचा वारा उलटला की ती आवरत नाही. काजूखालचा पातेरा हंगामाआधी जाळण्याचेही तसेच. बी दिसावी म्हणून जाळण्याऐवजी झाडाच्या घेराबाहेर ओढून ओळी करा. फेब्रुवारीपासून हद्दीवरचा साफ पट्टा दर पंधरवड्याला पुन्हा झाडावा लागतो, कारण पान गळतच असते. धूर दिसला की आधी ११२ वर फोन करा, मग ओल्या फांद्या घेऊन धावा. वाऱ्याच्या पुढे उभे राहू नका.

गोचीड आणि माकडताप

हे प्रत्येकाने नीट वाचावे. २०१५ पासून सत्तरीत माकडताप आला आणि त्यात माणसे दगावली. हा ताप रानातल्या गोचिडींच्या पिल्लांमधून येतो आणि त्याचा काळ साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या तोडीचा आणि पातेरा काढण्याचा. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पायजमा मोज्यांत खोचा, आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीडरोधक तेल लावा. पातेऱ्यावर बसू नका. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, आंघोळ करा, काखा आणि जांघा तपासा. मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. रानातून आल्यावर आठवड्याभरात अचानक ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना रानात गेल्याचे आवर्जून सांगा. रानात चरलेली गुरे गोचिडी घरापर्यंत आणतात, तेव्हा पशुवैद्याच्या सल्ल्याने त्यांच्यावर गोचीडनाशक ठरलेल्या अंतराने वापरा आणि पातेरा गोठ्यात अंथरण्याचे या महिन्यांत टाळा.

वाघ-बिबट्याचा शेजार

जानेवारी २०२० मध्ये सत्तरीत गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले. त्यांनी गुरे मारली होती. ज्याची गाय जाते त्याचे दुःख खरे असते, आणि म्हणूनच आधीची तजवीज महत्त्वाची आहे. गुरे संध्याकाळच्या आत गोठ्यात आणा, वासरे रानात सोडू नका, गोठ्याची भिंत उघडी ठेवू नका. बंद पट्ट्यांत झुडूप दाट असते, तिथे एकटे जनावर घुसू देऊ नका. जनावर मारले गेले तर कलेवर हलवू नका, जागेचे फोटो काढा आणि त्याच दिवशी वनखात्याला कळवा. पंचनाम्याला पशुवैद्य लागतो, त्यालाही तेव्हाच बोलवा. जनावराच्या कानात बिल्ला असेल आणि त्याची नोंद पशुसंवर्धन खात्याकडे असेल तर भरपाईचा अर्ज अडकत नाही. बिल्ला मारून घ्यायचे काम पावसाळ्याआधीच्या लसीकरणाच्या वेळीच उरकून घ्या.